पाळण्याची कडी

शनिवार, संध्याकाळ

शेवटी टांगलीच पंचिंग बॅग. हॉलच्या छताला निखिलच्या पाळण्यासाठी बसवलेली कडी होती, तिलाच. बॅग रिकामी आली होती. ह्यांच्या जुन्या पँटी आणि माझ्या विटलेल्या साड्या ठासून भरल्या. पँटींचं ह्यांना अजून माहीत नाही. राग आला की इतकी वर्षं भांडी आपटली, आता ही आहे.

पण उद्या मुलीकडचे घर पाहायला येणार. निखिलचं जुळत आलंय, म्हणून हे दुपारपासून मागे लागलेत. "काढून ठेव वं उद्यापुरती. सासू अशी बुक्क्या मारून राहिली हे पाहिलं, तर पोरगी कोण देईल आपल्याले?"

मी बरं म्हणून स्टुलावर चढलेही. कडीला हात लावला आणि वाटलं, काहून? घर पाहायला येतात ना, मग आहे तसं पाहावं. लपवली तर त्या पोरीची फसवणूकच की.

उतरले. बॅग तिथंच राहील. त्या कडीनं निखिलला पेललं, माझा रागही पेलेल. आणि पोरीनं विचारलं, "काकू, मी मारून पाहू?" तर माझ्याकडून लग्न पक्कं.