पालथ्या बरण्या

३ ऑगस्ट, शनिवार
टोमॅटोचे तिन्ही वाफे एकदम पिकले. आज दोन बादल्या तोडले. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी कोकंदला नांदते, तरी दरवर्षी तेवढीच रोपं लावतो. हाताला तीच सवय आहे.
उद्या-परवा बरण्या भरायलाच हव्यात. आईचं यंत्र असतं तर प्रश्न नव्हता — पत्र्याचं झाकण ठेवायचं, मूठ फिरवायची, कड आवळली जाते. वर्षभर काही होत नाही. आई होती तोवर ते एकच यंत्र दोन्ही घरांना पुरायचं. आता ते भिंतीपलीकडे आहे, सोबिरकडे. धाकट्या भावाकडे. हा तिसरा उन्हाळा. मी मागितलेलं नाही, मागणारही नाही.

५ ऑगस्ट
बाजारात शेजारच्या हदिचा खोला, साऱ्या गल्लीच्या मावशी, भेटल्या. पिशवीत डोकावल्या.
"ओलिमजान, ही प्लॅस्टिकची झाकणं? टोमॅटोवर? मग कोंबड्यांना आत्ताच आमंत्रण देऊन ठेव."
"बघू, खोला."
"दोन वर्षं बघतोयस की. नवं यंत्र घे. काय उंटाच्या किमतीला मिळतं?"
हसलो. पण नवं घेतलं म्हणजे जुनं सोडलं असं होईल. ते सोडायचं नाही.

६ ऑगस्ट
अकरा बरण्या भरल्या. तळाशी शेपूचे दांडे, लसूण, चेरीची पानं. दोनदा उकळतं पाणी ओतून काढलं, तिसऱ्यांदा मिठाचं. बोट भाजलं. बरण्या पालथ्या घालून रजयांत गुंडाळल्या. कोनाड्यात तीन रजया आहेत, वरच्या दोन घेतल्या. खालची आईची. तिनं स्वतः घातलेली शेवटची घडी — मोडवत नाही.

७ ऑगस्ट
अजून कोमट आहेत. रजईखाली हात घालून बराच वेळ बसलो.

९ ऑगस्ट, शुक्रवार
मशिदीत सोबिर ओळीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. नमाज संपताना उजवीकडे मान वळवून सलाम म्हणतो, तो त्याच्यापर्यंतही जातो. तेवढंच आमचं बोलणं.
आज पुन्हा आई गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस आठवला. पुलाव वाढलेला, सगळा मोहल्ला बसलेला. यंत्र मी घरभर शोधून दमलो होतो. म्हणालो, "सोबिर, आईचं यंत्र तू उचललंस. चोरी केलीस." त्यानं हात पुसले. थोरल्या भावाला मारतात ती हाक मात्र सोडली नाही: "तुम्ही म्हणताय, अका, तर केली असेन." असा निर्लज्जपणे कबूल झाला. कुणी पुढे घास घेतला नाही.

१४ ऑगस्ट
झाकणं फुगली. चार उडाली. रस रजयांत मुरला, खोलीत आंबूस वास. सगळ्या बरण्या कोंबड्यांपुढे ओतल्या. खोलांच्या जिभेवर काळा तीळ असणार.
दोन्ही रजया धुऊन वाळत टाकल्या. कापूस आठवडाभर तरी वाळायचा नाही.

१७ ऑगस्ट
पहाटे वजूसाठी हातपाय धुवायला पाटाच्या पाण्याशी बसलो. पाट सोबिरच्या अंगणातून भिंतीखालून माझ्याकडे येतो. पाण्यावरून शेपूचा एक दांडा आला. मग लसणाच्या पाकळ्या, टोमॅटोची सालं. आंबूस वास. पलीकडे कुणी तरी बरण्या विसळत होतं. त्याच्याही नासल्या!
आधी बरं वाटलं. लिहितो, कारण खरं आहे. नमाजला उभा राहिल्यावर मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. यंत्र हातात असताना टोमॅटो नासतील कसे?

१८ ऑगस्ट
मुलीचा फोन. "बाबा, मीठ वाढवा, आणि दोन दिवस तरी ऊब मोडू देऊ नका. जेवता का नीट?" जेवतो म्हणालो.
"आवाज असा का येतोय?"
"रेंज नाही," म्हणालो.

२० ऑगस्ट
दुसऱ्या खेपेच्या सहा बरण्या भरल्या. गुंडाळायला काही नव्हतं. बिस्मिल्ला म्हणून आईची रजई ओढली. जड लागली. घडी उलगडली, तर पोटात एक जुना रुमाल, आणि रुमालात यंत्र. मुठीला तेल लावलेलं. पुढच्या वर्षासाठी तिनं नीट ठेवलेलं.
माझ्याच घरात. माझ्या उशापासून चार हातांवर.
तीन रमजान रोजे धरले, आणि मनात भावाला चोर म्हणत राहिलो. बरण्या तशाच गार झाल्या.

२१ ऑगस्ट
यंत्र घेऊन भिंतीपर्यंत गेलो, परत आलो. आळ सगळ्यांसमोर घेतला होता. माफी भिंतीवरून मागता येणार नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
नमाजनंतर इमामसाहेबांना विचारून उभा राहिलो. यंत्र सगळ्यांसमोर ठेवलं. "माझा भाऊ चोर नाही. हे माझ्याच घरात होतं."
बाहेर सोबिर चपला घालत म्हणाला, "मला ठाऊक होतं, अका. आई गुंडाळत होती तेव्हा रजईचं दुसरं टोक मीच धरलं होतं."
"मग बोलला का नाहीस?"
"चोराचं कोण ऐकतं? म्हटलं, पहिल्या थंडीत पांघराल, तेव्हा सापडेल. आईची रजई कुणी अशी घडी घालून ठेवतं का?"
संध्याकाळी दोघांचे टोमॅटो एकत्र करून त्याच्या अंगणात नव्यानं बरण्या भरल्या; मी धरल्या, त्यानं मूठ फिरवली. सतरा झाल्या. पालथ्या घातल्या, वरून आईची रजई. त्याच्या कुठल्या, माझ्या कुठल्या, आता सांगता यायचं नाही.