कवडीत जीव होता

आई, कवडी म्हणजे झाडाचं बी, असं मी तुले सांगितलं होतं. ते खोटं होतं.

रायपुरच्या पुरानी बस्तीतलं आपलं स्वयंपाकघर. शेजारची राऊताईन नवऱ्याचं नाचाचं जाकीट अन् झोळीभर कवड्या घेऊन येते. गाई राखणारे राऊत दिवाळीत नाचतात, तेव्हा ते जाकीट कवड्यांनी मढलेलं लागते, अन् साऱ्या मोहल्ल्यात तुझ्यासारखा पक्का टाका कोणाचा नाही. "दीदी, देवारी के पहिली हो जाही न?" दिवाळीच्या आत होईल ना, असं तिचं विचारणं. "हव," तू म्हणतेस. ती गेल्यावर मात्र सुई हातात तशीच, अन् तू एक कवडी निरखत बसतेस. "काहून रे, याच्यात जीव राहत असन का? पाहा बरं, तोंड आहे, दात आहेत. अन् इतकी चमक हिले कोण घासून देते? जीव असन तर मी नाही बाप्पा शिवत." मी नववीत, अन् त्या वर्षी राऊतकाका मले नाचात नेणार होते. जाकीट नाही तर नाच नाही. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर, हे सरांनी आदल्याच दिवशी वर्गात सांगितलं होतं. तरी मी ठोकून दिलं, "अवं, बी आहे ते. पुस्तकात आहे." शिकलेला पोट्टा सांगून राहिला म्हटल्यावर तू लगेच दोरा ओवलास. पुढं कितीक वर्षं शिवत राहिलीस, पण कवडीबद्दल पुन्हा काही विचारलं नाहीस. बीचं काय विचारायचं!

यंदा हिवाळ्यात मुलीच्या सासरी, रत्नागिरीकडे गेलो होतो. ओहोटीला विहीणबाई मले खडकांत घेऊन गेल्या अन् पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी मऊ, ठिपक्यांचं, चिकटून बसलेलं. त्यांनी हळूच बोट लावलं अन् मायबाई! पांघरलेली गोधडी दोन्हीकडून खाली सरकावी तसं ते मांस सरकलं, अन् आतून निघाली लखलखीत कवडी. म्हणजे घर आत अन् अंग वर! ते मऊ अंग सदा वरून पांघरलेलं, म्हणून ती चमक. घासणारी तीच, आई. "दगड होता तसा ठेवा हां व्याही, उन्हानं मरेल ती," विहीणबाई म्हणाल्या. ठेवला, अन् लगेच दुसरा उचलला, मग तिसरा. पन्नाशी उलटलेला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत भिजवून बसलो.

आता नवा रायपुरच्या ऑफिसात डबा खाऊन हे लिहून राहिलो. पाप असन तर ते माझं. तू तर विचारलं होतंस. पण मले त्या जिवांपेक्षाही तुझं वाईट वाटते. खरं सांगितलं असतं तर तू जाकीट परत केलं असतंस, राऊताईन चार दिवस रुसली असती, अन् तू माझं डोकं खाल्लं असतंस: झोपते कुठं, पिलं कशी वाढवते, खारट पाणी तिले सोसते कसं. ते सगळं मी एका नाचापायी बंद करून टाकलं. हे पत्र टाकायचं तरी कुठं, ड्रॉवरमध्ये ठेवतो. विहीणबाईंना मी तासभर हे विचारलं, ते विचारलं, पण कवडी खाते काय, हे विचारायचं सुचलंच नाही. तू असतीस तर पहिले तेच विचारलं असतंस.