तिरफळांचा डबा

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग उतरत नाही. आज आपल्या घरामागच्या परड्यात वांग्यांमध्ये सापळे लावत होते आणि सगळं पुन्हा डोक्यात गेलं.

कृषी केंद्रातल्या माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. अळी लागून वांग्याच्या शेंड्यांनी माना टाकल्या की तू तोंडाला पदर बांधून पंप पाठीवर घ्यायचीस. फवारून आलीस की ओसरीवर खोकत बसायचीस आणि त्याच हातांनी विड्याचं पान जुळवायचीस. मला ते बघवायचं नाही. तुझी फवारणी थांबावी, एवढ्याचसाठी मी केंद्रावरून कामगंध सापळे आणले. ही अळी ज्या पतंगाची, त्याच्या मादीचा वास भरलेलं रबराचं बूच आत टांगायचं, त्या वासाच्या मागावर नर येतो आणि अडकतो, असं मी तुला दोनदा समजावलं. तू पोट धरून हसलीस. "पतंगाच्या बायलेचो वास? ह्याच्यासाठी तुका कॉलेजात धाडलंव?" जाताना बजावलं होतं, उरलेली बुचं फ्रिजमध्ये ठेव, महिन्याने बदल. तू हो म्हणालीस. तुझं हो म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सुट्टीत घरी येते तर सापळे रिकामे आणि वांगी किडलेली. सापळ्याजवळ नाक नेलं तर बांगड्याच्या कालवणाचा, तिखल्याचा वास. बुचं कुठे ठेवली होतीस विचारलं, तर तू शांतपणे फळीवरचा, तिखल्यात घालायच्या तिरफळांचा डबा दाखवलास. "दुधाच्या शेजारी तसला काय नको. मुंग्ये लागतीत म्हणान तिरफळांत घातलंय." पाकिटंही फोडलेलीच. मी कपाळाला हात लावला. पतंगाला बोलवायची वस्तू, आणि घरात तिला जागा मिळाली ती नेमकी किडा-मुंगी पळवायच्या डब्यात. मी एक हंगाम आणखी मागितला, नवीन बुचं आणते म्हटलं, हातापाया पडले. तू पंप उचललास. "तुझो सापळो तुझ्या ऑफिसात लाव. माका वांगी व्हयी." पुढे अंथरुणाला खिळेपर्यंत तू फवारत राहिलीस आणि खोकत राहिलीस. डॉक्टरांनी खोकल्याचं एकच एक कारण सांगितलं नाही, मीही सांगत नाही. पण एक हंगाम दिला असतास तर तुझं काय बिघडलं असतं गो?

आता माझं कामच हे झालंय. झाडाचा वास आणि मादीचा वास एकत्र आले की काही पतंग जास्त ओढीने येतात, आणि भलताच वास मध्ये शिरला की काहींना वाट सापडत नाही. गावोगावी हे सांगत फिरते, लोक माना डोलावतात, आणि घरी जाऊन काय करतात ते देव जाणे. तुझ्या तिरफळांनीच तेव्हा घात केला, असंही छातीठोक म्हणता येत नाही. बुचंच जुनी असतील. म्हणजे इतकी वर्षं भांडून माझ्या हातात पुरावासुद्धा नाही, याची चीड वेगळीच.

हे पत्र कुठे पाठवणार? सकाळचं तेवढं सांगते. दादाचं फवारणं मी बंद करवलंय, त्यामुळे बुचं मीच बदलते. शेवटचं बूच हातात होतं आणि वहिनीने चुलीवरच्या बांगड्यांत तिरफळं टाकली. वास परड्यात आला. मी सापळा तसाच उघडा टाकून, तुला चार शब्द सुनावायचे म्हणून, तरातरा स्वयंपाकघरात गेले. वहिनी वळून म्हणाली, "काय गो, काय व्हया?"

मी म्हटलं, पाणी दे.