मोरीत गेलेलं भाजीचं पाणी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा साकोलीच्या डॉक्टरांसमोर मी ढसाढसा रडले. बीपी वाढलंय माझं. रक्त तपासून ते म्हणाले, किडन्या चांगल्या आहेत, तेव्हा मीठ कमी करा आणि जेवणात पोटॅशियम वाढवा. पालेभाज्या, डाळी, केळी मनसोक्त खा. बिचाऱ्यांना कळेना या बाईला झालं काय. पण हीच नावं तुझ्या डॉक्टरांनीही एकेक करून सांगितली होती, तुला द्यायची नाहीत म्हणून.

सानगडीचं आपलं स्वयंपाकघर. तुझ्या किडन्या थकल्यात, पोटॅशियम बाहेर टाकत नाहीत, रक्तात साचलं तर हृदय थांबेल असं मला बजावलेलं आहे. मी बटाटे बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडते, पाणी मोरीत ओतते, आणि तू दारातून बघतेस.

"कायले फेकून राहिली वं?"

"त्यात पोटॅशियम उतरते माय. तुले चालत नाही."

"मंग मले काय चोथा चारून राहिली?"

भाताची पेजसुद्धा कधी वाया न घालवलेली तू. आजारापेक्षा त्या पाण्याचंच तुला जास्त लागलं. त्यात आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाती येतं का? केळी यायची, शहाळी यायची. तू हसून घ्यायचीस आणि पाठ वळताच शेजारच्या लेकरांना वाटून टाकायचीस. एक केळं मात्र उशाशी ठेवायचीस. मी उचलायला गेले तर म्हणालीस, "राहू दे. खात नाही मी. वास त घेऊ दे."

त्या हिवाळ्यात धान कापलेल्या बांधीत लाखोळीचा कोवळा पाला आला. माझ्या ताटातली भाजी बघून तू एका घासासाठी हात पुढे केलास. कधी कोणाकडे काही न मागणारी तू. मी नाही म्हटलं. बरोबरच होतं ते, पण बरोबर वागूनही माणूस इतकं पोळतं हे मला ठाऊक नव्हतं. लाखोळी जून व्हायच्या आत तू गेलीस. तेव्हापासून पालेभाजी मी घरच्यांसाठी शिजवते, स्वतः वरणभात आणि लोणच्यावर भागवते. आता लेक भांडते, "आजीले चालत नव्हतं, तुले लागते! आपल्याच जिवावर काहून उठली तू?"

आज तिनेच लाखोळी खुडून आणली, लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि ताट पुढ्यात ठेवून समोर बसून राहिली. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा घास घशाखाली उतरला नाही, असं लिहिणार होते. तसं लिहिलेलं शोभून दिसलं असतं. पण पत्र कुठे जाणारच नाही, मग तुझ्याशी खोटं कशाला? भाजी फार छान झाली होती, माय. मी आणखी मागून घेतली.