सीटवर टाकलेला रुमाल

१५ जुलै, मंगळवार
जामीन झाला. अटकपूर्व. जालन्याहून येताना ह्यांनी भजे घेतले. मला घशाखाली उतरले न्हाईत, हे मात्र खाऊन मोकळे. "आता टेन्शन न्हाई," म्हणे. टेन्शन न्हाई कसं. नवऱ्याच्या नावापुढं पाठलाग केला, हात धरला, अशी कलमं लागलीत, अन् जाफराबादेत आपल्या घरात काय शिजलं ते आपल्या आधी शेजारणीला कळतं.
वकील सा. नी कोर्टाच्या पायऱ्यांवरच बजावलं. केस केलेल्या मॅडमला फोन न्हाई. मेसेज न्हाई. तिच्या घराच्या, शाळेच्या रस्त्यानं जायचं न्हाई. कोणाच्या हातून निरोपसुद्धा न्हाई. जामीन ह्याच अटीवर. अन् मोबाईलमधलं काही पुसायचं न्हाई, पुसलं तर आणखी वाईट दिसतं. हे मान डोलावत होते. सासरे, म्हणजे आण्णा, एसटीत बसल्यावर बोलले, "कोर्टाचं काय खरं. चार माणसं बसली की मिटतं."

१६ जुलै, बुधवार
डोक्यात तेच तेच फिरून राह्यलं. लिहून काढते, म्हणजे जरा थांबेल.
हे भोकरदनला कॉलेजच्या हापिसात क्लार्क. मॅडम तिथल्याच एका शाळेवर, लग्न व्हायचंय अजून. दोघांची सकाळची बस एकच. बस स्टँडात लागली की हे खिडकीतून रुमाल टाकणार, एक आपल्यासाठी अन् शेजारी मॅडमसाठी. सुरुवातीला ती थँक्यू म्हणायची. मंग म्हणाली, सर, माझी जागा धरत जाऊ नका. ह्यांनी धरलीच. मेसेज बी करायचे. आज दिसल्या न्हाई. तब्येत बरी हाय न. तिनं उत्तर देणं बंद केलं, ह्यांचं चालूच. मंग ती बस सोडून जीपनं जायला लागली.
मंग हे बी जीपनं.
तेव्हाच विचारलं होतं मी, चांगली बस सोडून जीप काहून? "जल्दी पोचते."
जीप भरल्याबिगर हलत न्हाई, हे शेंबड्या पोराला बी माहीत हाय.

१९ जुलै, शनिवार
दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. उसवल्या, परत शिवल्या. गिऱ्हाईक कमी झालंय. ज्या येतात त्या कापड द्यायच्या आधी माझं तोंड बघतात. एक म्हणाली, "वैनी, काही खरं का खोटं?" म्हणले, फॉल लावायचा का नुसतं पिको?
मॅडम बी माझंच गिऱ्हाईक. गळा मोठा नको, पाठीला बटन नको. माप देताना हसायची, गुदगुल्या होतात म्हणायची. मला आवडायची ती. अजून बी राग येत न्हाई तिचा, अन् राग येत न्हाई ह्याचाच राग येतो.

२२ जुलै, मंगळवार
वकील सा. नी भोकरदनला बोलावलं, दोघांना. चहा सांगितला. मंग मला म्हणे, त्या दिवशी जीपमध्ये तुम्ही बी होत्या?
होते. माहेरी धावड्याला चालले होते. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला.
"जीपला झटका बसला. मॅडम पडू नये म्हणून साहेबांनी हात धरला. बराबर?"
हे माझ्याकडं बघून राह्यले. लग्नाआधी मला बघायला आल्ते तेव्हा बघितलं होतं, तसं. मी म्हणले, गर्दी होती, नीट ध्यानात न्हाई.
खोटं बोलले. सगळं ध्यानात हाय. जीप हललीच न्हवती. ड्रायव्हर खाली उभा राहून भोकरदन, भोकरदन ओरडत होता. मॅडम मागं चढली, शेजारी ह्यांना बघितलं अन् उतरायला लागली. ह्यांनी मनगट धरलं. "बसा न, जागा धरलीय." ती म्हणाली, सोडा. परत म्हणाली, सर, हात सोडा. हे हसत होते. मी आरशातून बघितलं.


२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी
कानोले केले. कोणाला गोड लागले न्हाईत.
लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी चाललो होतो. स्टँडावर ही गर्दी. हे त्या रेट्यात घुसले, चप्पल तुटली, पण खिडकीतून रुमाल टाकलाच. मला वर ओढून बसवलं अन् आपण भोकरदनपर्यंत उभे. मला राणीसारखं वाटलं होतं. त्याच माणसावर जीव लावलाय मी. आता ह्या माणसाचं काय करू कळत न्हाई.
संध्याकाळी म्हणाले, "मी काय वाईट केलं सांग. जागाच तर धरली."
"ती नको म्हणली होती न."
"बायका न्हाई म्हणतातच."
"मंग मी न्हाई म्हणते तेव्हा काय समजता?"
उठून बाहेर गेले. चहा तसाच निवून गेला.

३ ऑगस्ट, रविवार
आष्टीहून ह्यांचे मामा आले. आले ते तोडगा घेऊनच. राखी पौर्णिमा तोंडावर हाय, पोरीच्या घरी जायचं, ह्यानं तिला बहीण मानायचं, तिच्या हातानं राखी बांधून घ्यायची. एकदा बहीण झाली की केस कशाची? आण्णांचा चेहराच उजळला. आपल्याकडं असंच मिटवतात म्हणे, त्यांनी दोन-तीन मिटवलेत.
मी सांगितलं, वकील सा. नी काय सांगितलंय. निरोप बी न्हाई.
मामा म्हणे, "वकिलाला काय, त्याचं दुकान चालू राह्यलं पाहिजे."
ह्यांनी बी मान हलवली. अटी ह्यांनी माझ्यासमोर ऐकल्या होत्या.
अन् साडी-चोळी मी न्यायची. भावजयीच्या हातानं गेली की बराबर दिसतं. ब्लाउज शिवूनच ने, माप तुझ्याकडं हायेच.

७ ऑगस्ट, गुरुवार
शिवलं. गळा लहान, पाठीला बटन न्हाई.
काहून शिवलं? वाटलं, मिटलं तर मिटलं. मिटलं की मला कोणी काही विचारणार न्हाई. एवढंच.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा
गेलो. मी, हे, आण्णा, मामा. दार तिच्या बापानं उघडलं, बनियनवर होते. मामांनी नारळ पुढं केला अन् बोलायला सुरुवात केली, घराणं, इज्जत, पोरीची जात, उद्या लग्न व्हायचंय. हे शर्टाची बाही वर करून उजवा हात पुढं धरून उभे. मला तिथंच जमिनीत जावं वाटलं.
मॅडम आतून आली. ह्यांच्याकडं बघितलंच न्हाई. माझ्या हातातल्या पिशवीतून ब्लाउज वर आल्तं.
"ताई, हे माझ्या मापाचं शिवलं का तुम्ही?"
मी हो म्हणले.
"तुम्ही पुढं बसल्या होत्या त्या दिवशी. जीप हलली होती का?"
मामा म्हणे, पोरी, झालं गेलं... ती म्हणाली, "मी त्यांना विचारून राह्यले."
मी ब्लाउज पिशवीत खाली दाबलं. तिच्या बापानं फोन काढला अन् पोलिसांना लावला, आमच्या समोर. आम्ही निघालो. नारळ मामांच्या हातात, साडी माझ्या. मामा वाटेतूनच आष्टीच्या गाडीला गेले.

१२ ऑगस्ट, मंगळवार
व्हायचं तेच झालं. पोलिसांनी जामीन रद्द करा म्हणून अर्ज टाकला. आरोपीनं घरी येऊन फिर्यादीवर दबाव आणला. पुढच्या बुधवारी सुनावणी.
वकील सा. पहिल्यांदा चिडलेले बघितले. "आरोपीला घेऊन फिर्यादीच्या घरी? राखी बांधायला? अहो, मी काय सांगितलं होतं?" आण्णा खाली बघून राह्यले. हे म्हणे, चांगल्यासाठीच गेल्तो. वकील सा. नी डोक्याला हात लावला.
मामांचा फोन लागत न्हाई.

१६ ऑगस्ट, शनिवार
आता सगळं माझ्यावर आलंय. माझं शपथपत्र लावायचं म्हणे. वकील सा. नी वाचून दाखवलं. पहिल्या भागात, धमकी द्यायला न्हाई, रीत म्हणून साडी-चोळी घेऊन गेल्तो. हे खरं हाय. दुसऱ्या भागात, मी जीपमध्ये हजर होते, जीप अचानक सुरू झाल्यानं फिर्यादीचा तोल गेला अन् माझ्या पतीनं आधार दिला.
म्हणले, हे दुसरं काढलं तर?
"तर कोर्टाची माफी मागू. गुन्हाच तसा न्हवता असं म्हणायला मंग माझ्याकडं काही राहत न्हाई."
हे बाहेर गेल्यावर वकील सा. हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी खोटं लिहा म्हणत न्हाई. तुमच्या साहेबांनी सांगितलं ते मी लिहिलं. तुम्ही काय बघितलं ते तुम्हाला ठाऊक. ते पक्कं करून या."
कागद पर्समध्ये ठेवलाय. सही केली न्हाई.

१८ ऑगस्ट, सोमवार
काही सुचत न्हाई. भाजीत मीठ दोनदा पडलं. मशीनवर बसले, उठले, परत बसले.
हे आत गेले तर ह्यांना नोकरीवरून काढतील. माझ्या पिको-फॉलवर घर चालायचं न्हाई. आण्णा जेवत न्हाईत. हे आता ओरडत बी न्हाईत, नुसते मागं मागं फिरतात. "तुझी एक सही," म्हणतात. काल माझे कपडे दोरीवरून काढून घड्या घातल्या, आयुष्यात पहिल्यांदा. कीव आली. अन् मंग ध्यानात आलं, हे असंच तिच्या बी मागं फिरले असतील.
सही केली तर मॅडम खोटी पडते. तिला जीपमधल्या बाकीच्यांनी साथ दिली न्हाई, कोणी कशाला कोर्टाच्या भानगडीत पडतंय. बघितलेली मी एकटीच.
न्हाई केली तर घरात तोंड दाखवायचं कसं. माहेरी जाऊन किती दिवस राहू.
रुमाल धुतले आज ह्यांचे. इस्त्री करून ठेवले, नेहमीसारखे.

२० ऑगस्ट, बुधवार
कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लिहून राह्यले. पुकारा व्हायचाय.
सकाळी बस लागली अन् हे पळाले. खिडकीतून रुमाल टाकला. मी वर चढले तर हे सीटजवळ उभे. "ये. जागा धरलीय."
म्हणले, मला न्हाई बसायचं.
"बस न, जालना लांब हाय."
"नको म्हणले न."
ह्यांनी माझं मनगट धरलं अन् खाली ओढलं. प्रेमानंच ओढलं. बस उभी होती, कंडक्टर अजून खालीच होता.
म्हणले, "सोडा."
हसले. मंग माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग आपल्या हाताकडं. किती तरी वेळ बघत होते. मागची माणसं पुढं चला म्हणायला लागली तेव्हा सोडलं. 
एका म्हाताऱ्या बाईला बसवलं मी त्या सीटवर. रुमाल उचलून तिनंच ह्यांना दिला. जालन्यापर्यंत आम्ही दोघं बी उभे होतो. हे रुमालाची घडी घालत होते, परत उलगडत होते. उतरताना म्हणाले, "तुला जे लिहायचं ते लिही." रागात म्हणाले का कसं, कळलं न्हाई. मी विचारलं बी न्हाई.
समोरच्या बाकावर मॅडम अन् तिचा बाप बसलेत. तिनं एकदा बघितलं.
वकील सा. आले. "ताई, ठरलं?"
कागद काढला. म्हणले, ते जीपचं परत एकदा वाचा, जीप हलली न्हवती. ते चष्मा शोधून राह्यलेत.