तिसऱ्या घोषणेआधी

१ जानेवारी २०२५, बुधवार

चोरी केली! वर्षाच्या पहिल्याच दिवशी, तीही देवाच्या घरात!

झालं असं — चर्चमध्ये नव्या वर्षाच्या उपासनेत बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. डोळे मिटून एक उचलायची, ते वचन वर्षभर आपलं. माझ्या हाताला आली ती अंधाऱ्या दरीतून चालण्याची. आता महिन्याभरात लग्न आहे माझं, दरी कसली? गुपचूप घडी घातली, परत ताटात टाकली, दुसरी उचलली. फळांनी लगडलेला वेल, भरलेलं घर, लेकरंबाळं! हे कसं शोभतं!

पाळकांनी पाहिलं नाही. आईने पाहिलं. घरी येऊन चुलीपाशी बसल्यावर म्हणाली, "देवाच्या ताटात भाजी निवडतात का गं?" (आई आमच्या भिलीत बोलते. इथे मराठीत लिहिते, पण भिलीत जास्त लागतं.) बाबा इतके हसले की खोकला लागला.

चिठ्ठी मात्र माझ्या पाकिटात आहे. वेलाचीच.

५ जानेवारी, रविवार

पहिली घोषणा झाली!! "दलसिंग आणि रेवाबाई यांची कन्या जागृती हिचा विवाह..." — पाळक सुरुपसिंग वाचत होते आणि मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते, नाहीतर उडालेच असते. आमच्या मंडळीत तीन रविवार अशी घोषणा होते. दरवेळी विचारतात — कोणाची हरकत आहे का? आणि नेमक्या त्या शांततेत कमलीबाईंना शिंक! सगळी मंडळी वळून बघायला लागली. बिचारी हात जोडून म्हणाली, "हरकत नाही हो, सर्दी आहे!"

नवरदेव अजित नव्हता. पपईचा ट्रक घेऊन जयपूरकडे गेलाय, सध्या शहाद्याची सगळी पपई वर चाललीय. फोन मांडीवर चालू ठेवला होता त्याला ऐकू जावं म्हणून. त्याला ऐकू आली फक्त शिंक.

७ जानेवारी

आज दवाखान्यात भाईदासकाकांच्या रक्ताच्या नळीवर मी 'अजित' लिहिलं! साखर तपासायला दिली होती काकांनी. चेतना सिस्टरने बघितलं म्हणून बरं, नाहीतर माझ्या नवऱ्याला लग्नाआधीच मधुमेह! चेतना लोणखेड्याची, बोलीही तिकडचीच, तोंडाने फटकळ, पण माझ्यासाठी रोज डब्यात जास्तीची भाकरी आणणारी. नळी हातात धरून म्हणाली, "नाव त लिखं व माय, पन रगत कोठे शे त्यान्हं?"

मी लगेच कापूस आवरायला लागले.

"दुसरास्ले गावेगाव सांगत फिरस — लगीनना पहिले सिकल तपासा! आनि सोता?"

खरं आहे. रक्त तपासायच्या या नोकरीत सहा वर्षांत मी चार गावांची बोटं टोचलीत. रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात टाकायचा, मागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. नळीतून रेषा दिसल्या, तर सुटलो. गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल आहे, आईबापांकडून उतरणारा रक्ताचा दोष. माझी नळी गढूळ. मी वाहक आहे, हे शाळेत असतानाच कळलं. मला स्वतःला काही त्रास नाही. पण नवराही वाहक निघाला तर दर बाळंतपणाला चारात एक धोका, मूल आजारी निघण्याचा. तक्त्यावर बोट ठेवून हे मी जगाला समजावते. अजितला अजून नाही समजावलं.

ऑगस्टमध्ये त्यानेच एकदा बोट पुढे केलं होतं — "टोच की, बघू तुझा हात किती हलका आहे." मी म्हणाले, सुया संपल्यात. ड्रॉवर सुयांनी भरलेला होता! देवाने जमवलंय, देव बघून घेईल, असं स्वतःला सांगितलं आणि त्याला विश्वास म्हटलं. आज चेतनालाही तेच ऐकवलं.

"देवनं डोया दिधात ना तुले? मंग उघड ना!"

उघडीन. उद्या शहाद्याला साडी आणायची आहे, त्यानंतर उघडीन!

८ जानेवारी

साडी घेतली. मोरपंखी!! दुकानदाराने अकरा उलगडल्या, मी पहिलीच घेतली. आई म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर त्याची कंबर वाचली असती."

१२ जानेवारी, रविवार

दुसरी घोषणा. या वेळी कमलीबाई नाकाला पदर लावून बसली होती. मला हसू आवरेना, पुढचं गाणं मी पूर्ण चुकीच्या चालीत म्हटलं.

आणि मग उपासनेनंतर पाळक म्हणाले, "जागृती, दोघांची सिकलची कार्डं आणून दाखवा. त्याशिवाय तिसरी घोषणा वाचता येणार नाही. नियम तुझाच आहे, बेटा."

नियम माझाच! दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ नवनीत गेला, तेव्हा मंडळीच्या कमिटीपुढे तक्ता लावून, टेबलावर हात आपटून मीच ठराव करून घेतला होता. लग्न कोणाचं अडवायचं नाही, पण दोघांनी कार्डं बघून, समजून मग ठरवायचं. आपल्याच पायावर धोंडा, आणि तोही टाळ्यांच्या गजरात!

घरी आल्यावर आई तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघांचं सारखं निघालं तर तिसऱ्या घोषणेला मी उभी राहणार. हरकत घ्यायला."

"आई!"

"नवनीतला पाठीवर मी वाहिलंय. तू नाही."

आई म्हणते तसं करते. सूप थांबलंही नाही तिचं.

१३ जानेवारी

नवनीतबद्दल लिहायचं टाळते मी या वहीत. आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ. पाच वर्षांचा असल्यापासून हाडं दुखायची. सिकल, पूर्ण आजार. दुखणं उठलं की आई त्याला पाठीवर घेऊन म्हसावदच्या रस्त्यापर्यंत चालत यायची, मिळेल ती जीप पकडायची. पण काय नग होता! सलाईन लावलेल्या हातानेच पाळकांची नक्कल करायचा, अख्खा वॉर्ड आमेन म्हणायचा. मला 'मच्छर' म्हणायचा, सगळ्यांचं रक्त पिते म्हणून.

एकोणीस वर्षांचा होता. शेवटचं दुखणं उठलं तेव्हा मी तीन दिवस उपवास केला होता. असा विश्वास परत कधी जमला नाही मला — मागितलं आणि मिळालंच, असा. आणि तो गेला. पुढच्या रविवारी आई पहिल्या बाकावर बसून गात होती. बेसूर, मोठ्याने. मला तिचा एवढा राग आला की मी बाहेर चपलांपाशी जाऊन बसले.

तेव्हापासून मी देवाला अवघड काही विचारत नाही, तोही मला विचारत नाही. आमचं बरं चाललं होतं. मग हे लग्न जमलं आणि मी आनंदाने येडी झाले. सुया लपवल्या, चिठ्ठी बदलली. भीती वाटते म्हणून. दुसरं काही नाही. देवाने पुन्हा नाही म्हटलं तर मला नाही झेपणार.

लिहिलं एकदाचं. हलकं वाटतंय!

१४ जानेवारी

बाबांनी सूट शिवून आणलाय. आयुष्यातला पहिला. पँट चार बोटं लांब. "वाढेन अजून," म्हणाले. वय बासष्ट!

१५ जानेवारी

अजितला फोनवर सगळं सांगितलं. सिकल, चारात एक, नवनीत, भरलेला ड्रॉवर. तो कुठल्याशा ढाब्यावर होता, मागे हॉर्न वाजत होते. मी बोलत राहिले, बोलत राहिले.

"म्हणजे ऑगस्टमध्ये सुया होत्या?" एवढंच म्हणाला.

"होत्या."

"आणि मी या खेपेला जयपूरहून तुझ्यासाठी बांगड्या घेतल्यात, बिचारीकडे सुयासुद्धा नाहीत म्हणून!"

हसला! मग म्हणाला, "तू हे मला सांगायला पाहिजे होतंस, जागृती. जगाला सांगतेस." त्याचा आवाज दुखावलेला होता. मी माफी मागितली, ढसाढसा रडत. शेवटी तोच म्हणाला, "शनिवारी पोचतो. दहाही बोटं आणतो, हवं ते टोच."

देवा, याच्याशी माझं लग्न होऊ दे. होऊ दे, होऊ दे, होऊ दे.

१६ जानेवारी

आज चार वेळा जेवले. आनंदाने की भीतीने, कळत नाही.

१७ जानेवारी

प्रार्थनेत पहिल्यांदाच भांडले. घरात नाही, कूपनलिकेपाशी, हंडा भरताना. म्हटलं, नवनीतच्या वेळी कुठे होतास? आवाज चढला होता बहुतेक, कारण आई मागे उभी होती. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "हां, असं विचार. मी रोज विचारते."

"आणि तरी गातेस?"

"विचारते म्हणूनच गाते. नाहीतर कोणाशी बोलू?"

हंडा तिनेच उचलला. मी तिच्या मागे मागे चालत आले, लहान असताना चालायचे तशी, आणि का कोण जाणे, उड्या माराव्याशा वाटत होत्या! उद्या अजित येणार!

१८ जानेवारी, शनिवार

आला! दाढी वाढलेली, अंगाला पपईचा वास, हातात बांगड्यांचं खोकं. चेतनाने त्याला आपादमस्तक बघून शेरा दिला — "बरा शे. डोया खाले करीसन हाससं."

सुई माझ्या हातातून घेऊन टोचलं शेवटी चेतनाने. थेंब मी टाकला. नळी हलवली, रॅकमध्ये ठेवली, पाच मिनिटं. अजित विचारत होता की मांडवात खुर्च्या लाल घ्यायच्या का निळ्या. मी म्हटलं निळ्या. कागद मागे धरला.

रेषा दिसल्या नाहीत.

पुन्हा केली, नव्या नळीत. नाही दिसल्या. धडधाकट माणूस आहे, म्हणजे माझ्यासारखाच वाहक. पक्का रिपोर्ट जिल्ह्याहून यायचाय, पण मी हजारो नळ्या बघितल्यात.

अजितने नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली. मी त्याला तक्ता समजावला, इतर जोडप्यांना समजावते तसाच, पूर्ण. चारात एक. म्हटलं, तू नाही म्हणालास तरी मी तुला दोष देणार नाही. तो म्हणाला, "तक्ता कळला. तुझं काय ते सांग."

मी म्हटलं, मला तूच पाहिजेस.

"मग खुर्च्या निळ्या," तो म्हणाला.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने ऐकलं, आणि उद्याचं पातळ घडी करून उशाशी ठेवलं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळीच पाळकांना माझं कार्ड आणि अजितचा कच्चा रिपोर्ट दाखवला. तिसरी घोषणा वाचून त्यांनी हरकत विचारायच्या आत मीच उभी राहिले. सगळं सांगितलं. दोन्ही नळ्या, लपवलेल्या सुया, बदललेली चिठ्ठीसुद्धा. आम्ही दोघं वाहक आहोत, लग्न करणार आहोत, पुढचं डॉक्टरांना विचारून करू, डोळे उघडे ठेवून. अजित येऊन शेजारी उभा राहिला.

मग आई उठली. मी बाकाची कड धरली.

ती म्हणाली, "नवनीत मला एकोणीस वर्षं मिळाला. त्यातलं एकही परत घे, असं मी देवाला कधी म्हटलं नाही. माझी हरकत नाही."

आणि खाली बसली. पाळकांनी लग्नाची तारीख वाचली.