सहावं काडतूस मोजायचं असतं

प्रिय ऑर्व्हल,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, मग म्हटलं राहू दे. तू माझा धाकटा भाऊ आहेस, हे काही खोडून जाणारं नाही. पण आज तू या टेबलापाशी असतास, तर कॉफीचा कप तुझ्या पुढ्यात ठेवण्याऐवजी तुझ्या अंगावर ओतला असता. रागाच्या भरात लिहू नये म्हणून बरेच दिवस थांबून पाहिलं. राग ओसरायचं नाव घेत नाही, उलट मुरतोय.

आधी घरची खबर देते. फोनवर तू ‘थेअर कसा आहे’ एवढं विचारतोस, मी ‘बरा आहे’ म्हणते, की तू लगेच बर्फ किती पडला यावर येतोस. तर ऐक, माझा नवरा बरा नाही. जखमा भरल्या. अस्वलाने चावलेला उजवा हात कोपराखाली नुसता लोंबतो, डॉक्टर म्हणतात त्या बोटांत आता जीव यायचा नाही. त्याचं त्याला फारसं दुःख नाही. एका हाताने खेचरांवर ओझी बांधणारा म्हातारा गस आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण जो माणूस जन्मभर शिकाऱ्यांना घेऊन त्या डोंगरांत गेला, तो आता कुंपणाचं फाटक ओलांडत नाही. चर्चच्या जेवणाला येत नाही. एल्क हरणाच्या मटणाचा चिली रस्सा केला तर ताटलीकडे बघत बसतो. खेचरं कुंपणाशी येऊन ओरडतात आणि हा पडदा ओढून घेतो.

त्याला वाटतं, तो घाबरला. रोज नाही बोलत, पण बोलला की तेच बोलतो. मारलेल्या एल्कवर अस्वलीण आली, त्याने रिव्हॉल्व्हर काढून एक गोळी झाडली, ती जरा खाली लागली. दुसऱ्या गोळीला त्याच्यापाशी वेळ होता. तो म्हणतो, “मी बोटाला सांगितलं, दाब. बोटाने ऐकलं नाही. थिजलो मी, नेड्रा.” आणि तिकडे तू वर्लाच्या कॅफेत बसून ॲपल-पायचे तुकडे मोडत मोठ्या मनाने सांगतोस, “भल्याभल्यांचं असं होतं हो, त्याला कुणी नावं ठेवू नका.” वर्लाने मला हे कौतुकाने सांगितलं. तुझा भाऊ किती समजूतदार आहे म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तोवर मला सगळं कळलेलं होतं.

तुला बाबांची शेड आठवते ना? गाड्यांच्या चाकांना तोलासाठी लावतात ती शिशाची वजनं आपण गॅरेजवाल्याकडून मागून आणायचो. बाबा ती वितळवायचे, वर आलेला मळ पळीने काढायचे, आणि साचा उघडला की गरम गोळ्या जुन्या टॉवेलवर पडायच्या. चांगली कुठली आणि सुरकुतलेली कुठली ते निवडायचं काम माझं. तू काडतुसांत दारू भरायचास, आणि शेवटचं काम बाबा कुणालाच द्यायचे नाहीत. पितळी नळकांड्याचं तोंड गोळीच्या कमरेवरच्या खाचेत आवळून बसवायचं. अस्वलासाठी गोळी जड लागते, आणि जड गोळी हट्टी असते. झाडताना रिव्हॉल्व्हर मागे झटका देतं, नळकांडी त्याच्याबरोबर मागे जातात, आणि उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या मात्र जागच्या हलायला तयार नसतात. तोंड सैल राहिलं तर गोळी पुढे सरकून काडतुसांच्या फिरत्या चक्राबाहेर डोकं काढते. मग चक्र फिरत नाही, आणि चाप कितीही ओढला तरी हलत नाही. हे मी तुला शिकवायला नको. तरी लिहितेय, कारण हे तू तुझ्या तोंडाने सांगायला हवं होतंस.

म्हणूनच बाबांचा दंडक होता. दुसऱ्याला काडतुसं द्यायची, तर त्याच्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सहा भरायची, पाच झाडायची, आणि सहावं बाहेर काढून त्याची लांबी मोजायची. केसभर वाढली तरी सगळा डबा मोडून पुन्हा करायचा. रिव्हॉल्व्हर ज्याचं त्याचंच हवं, कारण हलक्याचा झटका जोराचा आणि जडाचा मवाळ. आपल्या खोऱ्यात दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी वापरत नाही. थेअरही वापरत नव्हता. तुझी वापरली, कारण तू माझा भाऊ आणि आपल्या बाबांचा मुलगा. तू सहावं मोजलं असशील, पण तुझ्या त्या लोखंडाच्या धोंड्यासारख्या रिव्हॉल्व्हरमध्ये. थेअरचं हलकं आहे, दिवसभर कमरेला बाळगायचं म्हणून घेतलेलं. ते मागून घ्यायला तुला आमच्या दारापर्यंत यावं लागलं असतं, एवढंच.

ही चूक मी माफ केली असती, ऑर्व्हल. खरंच केली असती. चुका होतात, आणि त्या दिवशी ओढ्यापलीकडून रायफल घेऊन तूच धावत आलास, तूच त्या अस्वलिणीला हाकललंस, थेअरचा हात पट्ट्याने बांधून तूच त्याला खेचरावर घालून खाली आणलंस. त्याचा जीव तू वाचवलास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण झुडपातून ते रिव्हॉल्व्हरही तूच उचललंस. तू ते हातात घेतलंस आणि चक्र अडलेलं तुला दिसलं नाही, हे दुसऱ्या कुणाला सांग. हॉस्पिटलात थेअरने शुद्धीवर येताच तुला विचारलं, काही बिघडलं होतं का त्यात? मी उशाशी उभी होते. तू खाली बघत म्हणालास, “नाही रे, व्यवस्थित फिरत होतं.” मग घासूनपुसून कोरं करकरीत परत केलंस, सोबत नवी काडतुसं, आणि उरलेला जुना डबा घेऊन गेलास. दमट झालीत, फेकायला हवीत म्हणालास. मला वाटलं, किती काळजी करतो.

डबा नेलास, पण थेअरच्या जुन्या कोटाचा खिसा तुझ्या लक्षात आला नाही. कोट धुवायला काढला तेव्हा त्यात मूठभर काडतुसं सापडली. एका काडतुसाच्या तोंडावरून अंगठा फिरवला, ते बाबांच्यासारखं घट्ट आवळलेलं नव्हतं. निवडायचं काम माझं होतं, माझा अंगठा अजून विसरलेला नाही. खडीच्या खाणीत गेले, थेअरच्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सहा भरली. पहिली झाडली. दुसऱ्या वेळी चाप ओढला तर हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. वळवून पाहिलं तर चक्रातून शिशाचं नाक बाहेर आलेलं. ऑर्व्हल, क्षणभर मलाही वाटलं की माझं बोटच ऐकत नाहीये. मी दुपारच्या उन्हात, समोर खडीचा ढीग असताना असं वाटून घेतलं. त्याच्यासमोर काय होतं ते तुला माहीत आहे.

तसंच अडलेलं रिव्हॉल्व्हर आणून मी त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं. म्हटलं, बघ, तू थिजला नव्हतास. त्याने डाव्या हाताने चक्र चाचपलं. मग किती शांतपणे म्हणाला, “आज अडलं असेल गं. त्या दिवशी नव्हतं. ऑर्व्हलने स्वतः पाहिलं ना. तो कशाला खोटं बोलेल?” आणि माझ्याच पाठीवर हात ठेवला, जणू मलाच समजवायचं होतं. त्याला वाटतं, बायको प्रेमापोटी काहीबाही जुळवतेय. माझा पुरावा एका बाजूला आणि तुझा शब्द दुसऱ्या बाजूला, तर तो तुझा शब्द धरतो. इतका त्याचा तुझ्यावर विश्वास आहे, आणि तू तिकडे मूग गिळून बसलायस. भित्रा कोण ते मला आता कुणी सांगायला नको.

मला शेरीफकडे जायचं नाही, गावभर बोभाटा करायचा नाही. हे पत्रही मी माझ्या मनाने लिहायला घेतलेलं नाही. थेअरला पेन धरता येत नाही, म्हणून न्याहारीनंतर त्याने मला बसवलं आणि मजकूर सांगितला. ऑर्व्हलला लिही, खेचरं, खोगिरं, डोंगरातला वरचा तळ आणि नेहमीची गिऱ्हाइकं सगळं त्याने घ्यावं. पैसे नकोत. डोंगरात थिजणारा माणूस लोकांचे जीव सांभाळू शकत नाही, ऑर्व्हल सांभाळेल. आणि मला खाली आणलं त्याबद्दल त्याचे नीट आभार मान. तो आता समोर खिडकीशी बसलाय. मी तेच लिहितेय असं त्याला वाटतं. मघाशी पानं बघून म्हणाला, “बरंच लिहिलंस. आभार मानलेस ना?” मी हो म्हटलं. संसारात मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, आज तुझ्यापायी बोलले. रविवारी जेवायला ये. त्याच्यासमोर बस आणि सांग, चक्र अडलं होतं, मी पाहिलं होतं. त्यानंतरही खेचरं न्यायची हिंमत झाली तर खुशाल ने.

तुझीच म्हणायचं की नाही, ते रविवारी ठरवेन.

नेड्रा